साथीने गेले, की साथीच्या दिवसांत गेले?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत चुकत असेल तर लगेच कळेल. फोंडा तालुक्यातल्या तुमच्या गावच्या वाचनालयात १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीवर फलक लावायचे आहेत. त्यातला एक फलक ‘या साथीत गेलेल्या प्रसिद्ध व्यक्ती’ असा आहे. तुम्ही जमवलेल्या यादीत ऑस्ट्रियन चित्रकार क्लिम्ट आणि शीले, फ्रेंच कवी आपोलिनेर, जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर ही मंडळी आहेत. मराठी नावं हवीत म्हणून कुणी बालकवी, गडकरी आणि शिर्डीचे साईबाबा सुचवले. गांधीजींनाही तोच फ्लू झाला होता, असं आणखी एकाने सांगितलं. आणि अगदी शेवटी, संकोचून, तुम्ही विचारलंय की तुमचे हरदास पणजोबा त्याच वर्षी दसरा आणि दिवाळीच्या मधे गेले. त्याच पंधरवड्यात घरातली एक सूनही गेली. पणजोबांच्या कागदावर ‘न्यूमोनिया’ आहे, घरात सगळे ‘मानमोडी’ म्हणतात, म्हणजे आपल्याकडे लोकांनी याच फ्लूला दिलेलं नाव. तर त्यांचं नाव फलकावर लावलं तर चालेल का?

गेली २८ वर्षं मी पणजीत जुन्या पोर्तुगीज नोंदी वाचून द्यायचं काम करते. लोक येतात ते बहुतेक इन्व्हेंतारासाठी, म्हणजे कोण कधी वारलं आणि मागे वारस कोण एवढ्यापुरते. मृत्यूचं कारण त्यांना नको असतं. तो रकाना कधी कोरा असतो, कधी एका शब्दाचा. पण माझी नजर तिथे गेल्याशिवाय राहत नाही, आणि तुमचा प्रश्न त्याच रकान्यातला आहे.

तुमची खरी अडचण प्रसिद्ध कोण ही नाही. साथीने गेलेला आणि साथीच्या दिवसांत गेलेला यांत फरक कसा करायचा, ही आहे. तारीख जुळली की नाव यादीत टाकायचं, ही सवय फार पसरली आहे. मला ती मनापासून खटकते, कारण त्यात दोन्हीकडून अन्याय होतो. ज्याचं मरण वेगळं होतं त्याच्यावर भलतं मरण लादलं जातं, आणि जे खरोखर या तापाने गेले ते गर्दीत दिसेनासे होतात.

मराठी नावांपासूनच सुरू करते. बालकवी ५ मे १९१८ ला गेले, वय अवघं २७. पण ते गेले खानदेशात भादलीजवळ रेल्वेखाली सापडून. मुंबईत साथीची पहिली चाहूल लागली ती जूनमध्ये, गोदीवरचे सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात आले तेव्हा, म्हणजे १० जूनला. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ ला सावनेरला गेले, वय ३३. तारीख साथीत बसते, वयही बसतं, पण त्यांना क्षय होता आणि तो आजार आधीपासून चालत आलेला होता. साईबाबांनी देह ठेवला तो विजयादशमीला, १५ ऑक्टोबर १९१८ रोजी. मुंबईत साथीने कहर केला होता तेच दिवस हे. एकट्या ६ ऑक्टोबरला त्या शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. तरीसुद्धा आठवडा तोच होता म्हणून आजारही तोच होता, असं म्हणता येत नाही. बाबांना शेवटी ताप होता असं सांगतात, पण ताप म्हणजे मानमोडी नव्हे. ही तिन्ही नावं फलकावर घेऊ नका. आणि गांधीजींचं म्हणाल तर १९१८ च्या ऑगस्टमध्ये खेडा जिल्ह्यात त्यांना झाली ती आमांशाची व्याधी. त्यांनी स्वतः आत्मकथेत ती सविस्तर लिहिली आहे. त्यांच्या घरातून या साथीने नेलं ते मोठ्या मुलाच्या, हरिलालच्या बायकोला, गुलाबला. यादीत जागा तिची आहे.

आता हे ठरवायचं कसं? मी तीन गोष्टी बघते: आजार किती दिवसांचा होता, आजूबाजूला काय चाललं होतं, आणि बिछान्याच्या जवळ असलेल्या कुणी तेव्हाच काही लिहून ठेवलं होतं का.

दिवसांचा हिशेब फार बोलका असतो. ही साथ विचित्र होती. एरवीचा फ्लू नेतो तो तान्ह्यांना आणि म्हाताऱ्यांना. या वेळी २० ते ४० वयाची धडधाकट माणसं पटापट गेली. अचानक हुडहुडी भरायची, ताप चढायचा, काहींच्या नाकातून रक्त यायचं, ओठ आणि चेहरा निळसर पडायचा, आणि आठवड्या-दहा दिवसांत सगळं संपायचं. फ्लूने फुप्फुसं सोलवटून निघायची आणि मग त्यांत जंतू शिरून न्यूमोनिया व्हायचा. बहुतेक मृत्यू या दुसऱ्या टप्प्यात झाले. प्रतिजैविकं नव्हती. फ्लूचा विषाणूही माणसात सापडला तो १९३३ मध्ये, त्यामुळे १९१८ चा डॉक्टर तपासणी करून ‘हा फ्लूच’ असं सांगूच शकत नव्हता. म्हणून तुमच्या पणजोबांच्या कागदावर न्यूमोनिया असणं आणि घरात मानमोडी म्हणणं यांत भांडण नाही. एक शब्द शेवट सांगतो, दुसरा सुरुवात.

तुमच्या यादीतली दोन नावं शेजारी ठेवून बघा. गुस्टाव्ह क्लिम्टला ११ जानेवारी १९१८ ला अर्धांगाचा झटका आला, आणि ६ फेब्रुवारीला व्हिएन्नात तो न्यूमोनियाने गेला. साथीची पहिली लाट नोंदली गेली ती त्यानंतर, मार्चमध्ये, अमेरिकेतल्या कॅन्ससच्या लष्करी छावणीत. जवळजवळ प्रत्येक यादीत क्लिम्ट असतो, तरी मी त्याला घेणार नाही. त्याचाच शिष्यासारखा मित्र एगोन शीले. त्याने २७ ऑक्टोबरला आईला पत्र लिहिलं की एडिथला फ्लू झालाय, न्यूमोनियाही झालाय, जिवाला धोका आहे. एडिथ त्याची बायको, सहा महिन्यांची गरोदर. २८ ला ती गेली. ३१ ला तो गेला, वय २८. हे पत्र म्हणजे बिछान्याजवळचा कागद. नंतर कुणी चरित्रकाराने केलेला तर्क नव्हे, त्याच आठवड्यात, त्याच घरातून लिहिलेला मजकूर. असा कागद मिळाला की मी निःशंक होते.

आपोलिनेरही असाच पक्का. १९१६ मध्ये युद्धात त्याच्या डोक्याला जखम झाली होती, कवटीची शस्त्रक्रिया झाली होती, त्यातून तो वाचला आणि ९ नोव्हेंबर १९१८ ला, युद्ध थांबायला दोन दिवस असताना, पॅरिसमध्ये फ्लूने गेला. वय ३८. ब्रिटिश मुत्सद्दी मार्क साइक्स, ज्याच्या नावाने मध्यपूर्वेच्या वाटणीचा करार ओळखला जातो, तो १६ फेब्रुवारी १९१९ ला पॅरिसच्या हॉटेलात गेला, वय ३९. त्याला शिशाच्या पेटीत पुरलं होतं. शिशात शरीर टिकलं असेल आणि विषाणूचे अवशेष मिळतील, या आशेने २००८ मध्ये ती कबर उघडली गेली. पेटीला तडा गेला होता. तरी संशोधकांनी नमुने घेतले.

मधल्या दर्जाची नावंही असतात. दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान लुई बोथा २७ ऑगस्ट १९१९ ला गेले ते फ्लूनंतर हृदय बंद पडून. अशा ठिकाणी फलकावर ‘फ्लूनंतर’ असं लिहा. एक शब्द वाढतो, पण खरं राहतं.

सगळ्यात अवघड आहे माक्स वेबर. तो १४ जून १९२० ला म्युनिकमध्ये न्यूमोनियाने गेला, आधी फ्लू होता असं सांगतात. साथ १९१९ मध्ये संपली असं मानणारे आहेत, १९२० पर्यंत ताणणारेही आहेत. इथे उत्तर तुमच्या सीमारेषेवर अवलंबून आहे, मी छातीठोक सांगणार नाही. पण मग दुसरं एक नाव आठवा. लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० ला, म्हणजे वेबरनंतर सात आठवड्यांनी, मुंबईत सरदारगृहात गेले. त्यांच्या शेवटच्या आजारातही न्यूमोनिया होता, सोबत मलेरियाचं नाव येतं. टिळकांना कुणी या यादीत टाकत नाही, आणि ते बरोबरच आहे. कागदावर शब्द एकच, पण त्याच्या आधी काय घडलं याची गोष्ट वेगळी. वेबरला ठेवायचं असेल तर ‘साथीच्या शेवटच्या टप्प्यात’ असं लिहून ठेवा.

एक गोष्ट मात्र तुम्हाला आग्रहाने सांगते. तुमची यादी इंग्रजी वाटेने आलेली आहे, म्हणून तिच्यात पोर्तुगीज नाव एकही नाही. आपण गोव्यात राहतो. तेव्हा आपला कारभार लिस्बनशी बांधलेला होता, आणि आपल्या नोंदींचे शब्द तिथूनच आलेत. आमादेउ द सौझा-कार्दोझो हा पोर्तुगालचा आधुनिक चित्रकार पॅरिसमध्ये नाव काढून युद्ध सुरू झाल्यावर मायदेशी परतलेला. साथीपासून लांब राहावं म्हणून तो एश्पिन्यो या समुद्रकाठच्या गावी गेला आणि तिथेच २५ ऑक्टोबर १९१८ ला गेला, वय ३०. आंतोनियो फ्रागोझो हा संगीतकार १३ ऑक्टोबरला गेला, वय २१. लिस्बनच्या संगीत विद्यालयातून तो त्याच वर्षी बाहेर पडला होता.

आणि पोर्तुगालमधल्या फातिमा गावची दोन भावंडं, ज्यांना मेरीमातेचं दर्शन झालं असं मानतात. त्यांची चित्रं गोव्यात इतक्या घरांत आणि चॅपेलांत आहेत की ती या साथीची मुलं आहेत हे आपल्या लक्षातच येत नाही. फ्रान्सिश्कु आणि झासिंता मार्तु दोघं १९१८ च्या शरदात फ्लूने आजारी पडली. फ्रान्सिश्कु ४ एप्रिल १९१९ ला गेला, वय १०. झासिंता फुप्फुसाच्या आवरणाच्या दुखण्याने खंगत राहिली, तिच्या बरगड्या काढाव्या लागल्या, आणि २० फेब्रुवारी १९२० ला लिस्बनच्या इस्पितळात एकटी असताना ती गेली, वय ९. २०१७ च्या १३ मे रोजी पोपनी दोघांना संत जाहीर केलं. आजार आणि मृत्यू यांत सव्वा वर्षाहून जास्त अंतर असलं तरी धागा तुटत नाही, हे दाखवायला झासिंतापेक्षा चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही. तुमच्या वाचनालयात येणाऱ्या कॅथलिक शेजाऱ्यांना हा फलक आपला वाटेल, हेही खरं.

आता पणजोबा. तुम्ही पाठवलेल्या फोटोत एकच ओळ आहे, आणि कारणाचा शब्द पानाच्या शिवणीत गेलाय. ‘प्नेउमोनि’ एवढं मला दिसतं, पुढचं अक्षर दिसत नाही. तुम्ही तो ‘प्नेउमोनिया’ वाचलात, पण तो ‘प्नेउमोनिका’ असू शकतो, आणि या एका अक्षरात पुष्कळ काही आहे. पोर्तुगालमध्ये १९१८ च्या साथीला लोक ‘आ प्नेउमोनिका’ म्हणत. ते साथीचं नावच होतं. आणि ‘पेश्ते प्नेउमोनिका’ म्हणजे फुप्फुसाचा प्लेग, तो आणखी निराळा.

यात मी स्वतः चुकले आहे. काम सुरू केल्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी डिचोली तालुक्यातल्या एका कुटुंबाला मी सांगून मोकळी झाले की तुमचे आजोबा प्लेगने गेले. मी ‘प्नेउमोनिका’ वाचलं आणि डोक्यात प्लेग आला. तिथे एक म्हाताऱ्या काकी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “गाठ नव्हती आली हो त्यांना. मानमोडी ती. मान वर होईना.” मी कागदावर विश्वास ठेवला, त्यांच्यावर नाही. पुढे त्याच वहीची मागची-पुढची पानं चाळताना दिसलं, त्याच हस्ताक्षरात, त्याच आठवड्यात, खालच्या नोंदीत ‘ग्रीप’ लिहिलं होतं, म्हणजे फ्लू. काकींचं बरोबर होतं. मी परत त्या घरी जाऊन चूक सांगितली. तेव्हापासून एकटी ओळ मी वाचत नाही, पान वाचते. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडचे शब्द वहीत टिपून ठेवते. गाठ म्हणजे प्लेग, पटकी म्हणजे कॉलरा, देवी आणि मानमोडी हे चार वेगळे आजार होते, आणि ज्यांच्या घरातून प्रेतं निघाली त्यांनी त्या शब्दांची सरमिसळ सहसा केली नाही.

तारखेसाठी तुमच्याकडे कागदापेक्षा चांगला पुरावा आहे, तो म्हणजे श्राद्धाची तिथी. तुम्ही लिहिलंय की घरात पणजोबांचं श्राद्ध अश्विन वद्य षष्ठीला होतं. त्या वर्षी, शके १८४० मध्ये, दसरा १५ ऑक्टोबरला होता आणि अमावास्या ३ नोव्हेंबरच्या सुमारास. म्हणजे ही षष्ठी २५ ऑक्टोबरच्या आसपास येते. नोंदवहीत तारीख चार-आठ दिवस पुढची दिसली तर गोंधळू नका, ती बहुधा वर्दी दिल्याची असेल. वर्दी द्यायला जाणाराही तेव्हा अंथरुणाला खिळलेला असू शकतो. पण तिथी चुकत नाही, कारण ती दर वर्षी पाळली गेली आहे. त्याच दिवसांत तिकडे सौझा-कार्दोझो गेला आणि आठवड्याच्या आत शीले.

साथ गावात आली कशी, हेही तुम्ही विचारलंय. तुमच्या गावापुरतं मी सांगू शकत नाही, पण वाटा उघड होत्या. मुंबईत गोव्याची माणसं भरपूर होती, बोटींवरचे तारवटी (खलाशी) आणि गावागावांच्या कुडी, म्हणजे एका गावच्या माणसांनी मुंबईत मिळून राहायच्या जागा, जिथे एका खोलीत ट्रंकांना ट्रंका लागलेल्या असत. आजारी माणूस गावाकडे धाव घेतो. पाऊस सरला की समुद्राची वाट मोकळी होते, आणि मुरगावहून कॅसलरॉककडे जाणारी रेल्वे १८८८ पासून होतीच. हरदास नवरात्रात गर्दीत उभा राहून कीर्तनं करतो, हे खरं असलं तरी त्यावरून ‘त्यांना तिथेच लागण झाली’ असं फलकावर लिहू नका. तेवढं आपल्याला माहीत नाही.

तर माझं मत असं. पानावरच्या शेजारच्या नोंदींत फ्लू किंवा प्नेउमोनिका दिसली, आजार आठवड्या-दहा दिवसांचाच होता असं घरात सांगत असतील, तर पणजोबांचं नाव निर्धास्त लावा, आपोलिनेरच्या शेजारी लावा. संकोच करू नका. हिंदुस्थानात या साथीने १ कोटी २० लाख ते २ कोटी माणसं गेली असा अंदाज आहे, एकट्या मुंबई इलाख्यात १० लाखांहून जास्त. एवढ्यांतून प्रसिद्धांच्या याद्यांत आपली नावं जवळजवळ नाहीत, कारण तिकडे पत्रं, रोजनिश्या आणि चरित्रं टिकली. तुमच्या पणजोबांना पंचक्रोशी ओळखत होती, त्यांची तिथी शंभराहून जास्त वर्षं पाळली जाते आहे.

त्या सुनेबद्दल मात्र तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, नावाशिवाय. आपल्याकडे या साथीत पुरुषांपेक्षा बायका जास्त गेल्या. आजाऱ्यांची उस्तवार त्यांच्याच अंगावर, आणि गरोदरपणात हा ताप फारच घातक होता. एडिथ शीले तशीच गेली. मनोविश्लेषक फ्रॉइडची मुलगी सोफीही जानेवारी १९२० मध्ये तशीच, पोटात तिसरं मूल असताना, वय २६. तुमच्या घरातली सून नवऱ्याआधी गेली असेल तर घरात तिची पितृपक्षातली अविधवा नवमीच लक्षात राहिली असेल, आणि मूळ तिथी विसरली गेली असेल. म्हणून तिच्यासाठी कागदच शोधावा लागेल.

तेव्हा मला दोन गोष्टी पाठवा. पहिली, त्या वहीच्या ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या सगळ्या पानांचे फोटो, पूर्ण पान, कडा न कापता, फ्लॅश बंद ठेवून. शिवणीकडची बाजू तिरक्या उजेडात एकदा वेगळी घ्या. दुसरी, घरातल्या सगळ्यात वयस्कर आत्याला किंवा काकूला विचारून त्या सुनेचं सासरचं नाव, माहेरचं नाव आणि माहेरचा गाव. पोर्तुगीज कारकुनाने तिला कोणत्या नावाने लिहिलं असेल ते माहीत नाही, म्हणून दोन्ही नावं हवीत. नाव कुणालाच आठवत नसेल तर नवऱ्याचं नाव कळवा, त्यावरून शोधते.